डावं पेडल

वन्संना अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकायची आहे
आणि हे कुणाला कळता कामा नये.
म्हणून जिन्सी नाल्यावर मुन्ने मिस्त्रीकडे न्यायची नाही.
तो आधी पेडलं काढेल
आणि मग अख्ख्या लष्करला सांगेल.

पेडलं काढायची ती अशासाठी
की बूड सीटवर, पाय जमिनीवर,
आणि आधी नुसता तोल.
हे मी लेकीला शिकवता शिकवता शिकले.
सायकल तिचीच. ती नोएडाला,
सायकल जिन्याखाली, सात पावसाळे.

उजवं बिचारं सुटलं.
एकदा कुरकुरलं आणि आलं हातात
पिकल्या सीताफळाच्या डोळ्यासारखं.

डावं नाही.

घरात पाना एकच, गॅसवाला विसरून गेलेला,
जबडा जाड, त्या फटीत शिरेना.
कानशीने घासला दुपारभर.
रॉकेल आता कुठलं मिळायला?
लोणच्यातून उरलेलं सरसोंचं तेल,
त्यात लेकीचं नेलपॉलिश पुसायचं पाणी,
हलवत राहायचं, नाहीतर फाटतं.
कापसाची लांब वात त्यात भिजवून
आट्यांच्या तोंडाशी गुंडाळली,
वर दुधाची पिशवी, रबरबँड,
सुजलेल्या गुडघ्याला पट्टी बांधावी तशी.
रात्रभर.

सकाळी किटलीभर उकळतं पाणी.
क्रँक हलू नये म्हणून
फ्रेमला बांधला परकराच्या नाडीने.
पाना आखूड पडला तर
त्याच्या शेपटीवर मच्छरदाणीचा पाइप चढवला
आणि टाकलं सगळं वजन,
बासष्ट किलो, वर संक्रांतीचं दोन.
नाही.

दुसऱ्या दिवशी तेच.
जानेवारीतलं ग्वाल्हेर,
धुकं उंबऱ्याच्या आत येऊन बसलेलं,
लोखंड हाताला चावत होतं.
मग बत्ता घेतला आणि ठोकलं पाइपावर.
भिंतीपलीकडून कुशवाह भाभी,
"क्या कूट रही हो, दीदी?"
"अदरक," मी म्हटलं.
"इतनी?"

वन्सं पाटावर मटार सोलत होत्या.
डाव्या हाताने.
लहानपणी हा हात फडक्याने बांधायचे त्यांचा,
जेवताना, पाटीवर लिहिताना.
पाहुणे असले की दोन गाठी.
आबांच्या फोटोखाली जेवायला बसल्या
तर अजून उजव्याने जेवतात.

"ते डाव्या अंगाचं आहे ना?" त्या म्हणाल्या,
मटारातून मान वर न काढता.
"मग उजव्यासारखं का वळवतेस?"

मी घाम पुसला. मनात हसलेही,
जन्मात कधी सायकलला हात नाही
आणि आल्या शिकवायला.
मग नुसतं त्यांचं मन राखायला
पाइप फिरवून दुसऱ्या बाजूला घेतला,
घड्याळाचा काटा जातो त्या अंगाला,
आणि टेकले, अर्ध्याच जोराने.

टक्.
गंजाचा भुगा. तेलाचा एक काळा थेंब.

दोन दिवस मी ते सोडवत नव्हते.
आवळत होते,
जीव ओतून.

वन्संनी पाहिलं. बोलल्या काही नाहीत.
शेंगा फक्त जरा भराभर सुटायला लागल्या.

आज पहाटे साडेपाचला, छावणीतली आमची गल्ली.
दहा हातांवरचं दिसत नव्हतं, बरंच होतं.
माझी सलवार, लेकीचे बूट, कानाला मफलर,
वन्सं दोन्ही पायांनी जमीन ढकलत, ढकलत,
पुढे चक्क दिसेनाशा झाल्या.
मी ऐकत होते.
घासत जाणारे बूट,
घासत जाणारे बूट,
मग नुसती चाकं.

कुठलंसं कुत्रं भुंकलं आणि त्या टेकल्या.
"मोजलेस का आकडे?" धुक्यातून आवाज.
"आठ," मी म्हटलं.
सहा होते.

पेडलं बिस्किटाच्या डब्यात आहेत, ग्रीस लावून.
नेलपॉलिशने लिहिलंय त्यांवर, उ आणि डा.
मच्छरदाणीचा पाइप मात्र मधोमध वाकला.
मार्चात डास आले की बघू.